कातळ आणि खालचा सोबती

लोधिवलीच्या माणसाला डोंगर शोधावयास जावे लागत नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर उभे राहून उत्तरेकडे मान वळविली की प्रबळगडाचे रुंद पठार आणि इर्शाळगडाचा टोकदार सुळका नजरेस पडतो. दक्षिणेस पाताळगंगेच्या खोऱ्यापलीकडे माणिकगड आहे, पश्चिमेच्या अंगाला कर्नाळ्याचा अंगठा आहे, आणि खोपोलीपर्यंत गेले तर घाटमाथ्यावर नागफणी आहे. पहिल्या पाळीला निघालेला कामगार रोज हे सारे पाहतो आणि रोज त्याकडे पाठ करून फाटकातून आत शिरतो. त्यांपैकी काही जण रविवारी खांद्यावर दोर टाकून त्याच डोंगरांकडे जातात. हे कसले वेड, असे आम्हांला पुष्कळदा विचारण्यात येते. कारण युनियनच्या कामातून सवड मिळेल तेव्हा आम्हीही त्या मंडळींबरोबर असतो. या वेडात शास्त्र किती आणि धाडस किती, हे येथे थोडे उलगडून सांगावयाचे आहे.

रविवार म्हटला की आम्हांला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० पासून त्या कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळू लागली. ती सुट्टी कशी घालवावी हे कामगाराला शिकविण्याचा अधिकार आम्ही कोणालाही देणार नाही. कोणी दिवसभर झोपून काढली तरी ती त्याच्या बापजाद्यांची कमाई आहे. परंतु कडे चढणे हा पैसेवाल्यांचा छंद आहे, ही जी समजूत आपल्याकडे रूढ आहे ती मात्र खरी नव्हे. इंग्लंडात मँचेस्टर या गिरण्यांच्या शहरात जो ब्राउन नावाचा एक तरुण नळजोडणीचे काम करीत असे. कपडे वाळत घालावयाचा आईचा टाकून दिलेला दोर घेऊन त्याने पहिल्या चढाया केल्या, असे सांगतात. हाच ब्राउन २५ मे १९५५ रोजी जॉर्ज बँडसह कांचनगंगेच्या माथ्याशी पोचला. शेवटची चीर त्यानेच चढून काढली. माथा काही फुटांवर असताना दोघे थांबले, कारण सिक्कीमच्या लोकांना ते शिखर पवित्र होते आणि त्यावर पाय ठेवणार नाही असा शब्द दिलेला होता. आपल्याकडे मुंबईत 'गिरिविहार' ही संस्था १९५४ साली निघाली. दार्जिलिंगची हिमालयन पर्वतारोहण संस्थाही त्याच वर्षीची. म्हणजे आदल्या वर्षी तेनसिंगांनी एव्हरेस्टवर पाय ठेवला त्याची हवा चहूकडे होती.

आता कातळाकडे वळू. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. तो निवताना आकसला, म्हणून त्याला उभ्या चिरा पडल्या. कर्नाळ्याचा अंगठा एखाद्या खांबासारखा दिसतो तो याच कारणाने. दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी तांबडा, मऊ पट्टा असतो. तो पाऊस-वाऱ्याने आधी झिजतो आणि वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे येऊन राहतो. केव्हातरी तो तुटून खाली येतो. डोंगराच्या पायथ्याशी घराएवढे धोंडे पडलेले दिसतात त्यांतील पुष्कळसे असे आलेले आहेत.

या धोंड्यांवर दोराशिवाय चढण्याचा जो खेळ आहे त्याला बोल्डरिंग म्हणतात. धोंडा दोन पुरुष उंच, फार तर तीन. माथ्यावर जावयाचे, पण सोप्या बाजूने नव्हे. जी बाजू अवघड ती निवडावयाची. खेळाडू त्या वाटेला 'प्रॉब्लेम' म्हणतात, आणि ते खरोखरच गणितासारखे असते. उजवा पाय या खोबणीत, डावा हात त्या कंगोऱ्यावर, मग शरीराचे वजन कोठे न्यावयाचे? दहा वेळा पडावे तेव्हा अकराव्या वेळी उत्तर सुटते. हा विचार अमेरिकेत १९५० च्या दशकात ज्या जॉन गिलने रुजविला तो पुढे गणिताचाच प्राध्यापक झाला. कसरतपटू हाताला पांढरी भुकटी लावतात ती त्यानेच कातळावर आणली. फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या जंगलात वालुकाश्माचे असेच धोंडे आहेत. आल्प्सची तयारी करणारे लोक तेथे सराव करीत. आपल्याकडे मुंब्र्याच्या आणि बेलापूरच्या डोंगरांत हा सराव चालतो. २०१६ व २०१७ साली नवी मुंबईत या खेळाच्या जागतिक चषक मालिकेतील सामने झाले. टोकियोचे ऑलिम्पिक, जे २०२१ साली भरले, त्यात कृत्रिम भिंतीवरील आरोहणाचा प्रथमच समावेश झाला.

नवशिक्या माणसाची पहिली खोड अशी की तो हातांनी लोंबकळतो. हात पाच मिनिटांत भरून येतात आणि बोटे उघडतात. वजन पायांवर ठेवावे आणि हातांनी केवळ तोल सांभाळावा, हे शिडीवर काम करणाऱ्या रंगाऱ्याला सांगावे लागत नाही, कचेरीतल्या बाबूला सांगावे लागते. दुसरे असे की धरावयाचा दगड आधी ठोकून पाहावा. रेल्वेचा माणूस गाडीच्या चाकावर हातोडी मारून आवाज ऐकतो ना, तसे. खणखणीत वाजला तर पक्का, पोकळ वाजला तर त्याला हात लावू नये. आमच्या मंडळींत एक फिटर आहे. त्याचा कान असा तयार आहे की त्याने 'नको' म्हटलेल्या दगडावर कोणीही भार देत नाही. तिसरे, जेथून उतरता येणार नाही तेथे चढू नये.

परंतु या खेळातला खरा कसबी माणूस चढणारा नव्हे, खाली उभा असलेला. धोंड्याखाली जाड गादी टाकलेली असते आणि तिच्यामागे एक सोबती हात वर करून उभा असतो. लोकांना वाटते, तो पडणाऱ्याला झेलण्यासाठी आहे. सत्तर किलोचा माणूस दहा फुटांवरून आला तर कोण झेलणार? त्याचे काम एवढेच की पडणाऱ्याच्या पाठीला, कमरेला हात देऊन त्याला सरळ करावे, पाय खाली यावेत, डोके दगडावर आपटू नये आणि अंग गादीवरच पडावे. त्याने चढणाऱ्याच्या हातांकडे पाहावयाचे नसते; कमरेकडे पाहावयाचे असते, कारण पडणे आधी कमरेत दिसते. अंगठे आत दुमडून ठेवावे, नाहीतर मोडतात. गप्पा मारावयाच्या नाहीत, विडी ओढावयाची नाही. टाळ्या वरच्याला मिळतात, आणि सगळा वेळ लक्ष मात्र खालच्याला द्यावे लागते.

मोठ्या कड्यावर हीच गोष्ट दोराने होते. पूर्वी ताग-अंबाडीचे दोर असत. ते ताणले जात नसत, झटक्याने तुटत. म्हणून पुढे चढणाऱ्याने पडावयाचेच नाही असा दंडक होता. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आले आणि चित्र पालटले. हा दोर झटका बसताच लांबतो आणि तो झटका पोटात घेतो. यासाठीच भार उचलावयाचा न ताणणारा दोर चढाईला वापरू नये. दिसावयास दोन्ही सारखेच असतात, आणि बाजारात कोणीही कोणताही दोर देतो. दोराचे दुसरे टोक ज्याच्या कमरेशी असते तो दोर थोडा थोडा सोडतो, लागेल तेव्हा ओढून घेतो आणि वरचा निसटला की तत्क्षणी आवळतो. याला चढाईच्या भाषेत 'बिले देणे' म्हणतात. कड्याच्या कोपऱ्याआड गेलेला माणूस दिसत नाही, वाऱ्यात आवाज ऐकू येत नाही. तेव्हा दोर सैल होतो की ताठ, एवढ्यावरून त्याचे काय चालले आहे हे ओळखावयाचे असते.

आमच्या भागातील श्रोत्यांना हे ऐकून दुसरेच काही आठवेल. रसायनाच्या कारखान्यात टाकी साफ करण्यासाठी माणूस आत उतरतो. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या छत्तिसाव्या कलमात स्पष्ट लिहिले होते की, टाकी वायुमुक्त असल्याचा लेखी दाखला नसेल तर उतरणाऱ्याच्या तोंडावर श्वसनयंत्र हवे, कमरेला पट्टा हवा, पट्ट्याला दोर हवा, आणि त्या दोराचे मोकळे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हवे. माणसाच्या हातात, खांबाला किंवा नळाला नव्हे. तो कायदा २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहितेत जमा झाला, तरी या वाक्यातले शहाणपण जुने होणारे नाही. एका कारखान्यात आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे: पट्टा होता, दोरही होता, पण टोक पाइपाला बांधलेले; धरणारा माणूस ठेकेदाराने दुसऱ्या कामाला नेला होता. एका हजेरीची बचत! त्या दिवशी आतला माणूस सुखरूप वर आला. कातळावर सराव केलेले आमचे दोन तरुण तेथे होते. त्यांनी धरणारा हजर झाल्याशिवाय पुन्हा कोणालाही टाकीत उतरू दिले नाही. ते कलम त्यांनी वाचले नव्हते, परंतु रिकामे टोक त्यांना बघवेना.

डोंगराच्या खालीही माणसे असतात, हे विसरता येत नाही. इर्शाळगडाची वाट इर्शाळवाडीतून जात असे. ठाकर समाजाची ती वाडी कड्याच्या अंगाखाली, गाडीरस्त्यापासून उंचावर वसलेली होती. वरच्या नेढ्यापर्यंत जाणारी मंडळी तेथेच टेकत, पाणी पीत, वाट विचारीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री धो-धो पावसात वरचा उतार सुटला आणि वाडीवर आला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत, आणि चौथ्या दिवशी शोध थांबविण्यात आला. वर रस्ता नसल्याने यंत्रे नेता येईनात आणि हवामानामुळे हेलिकॉप्टर उतरेना; खणण्याचे काम फावड्या-कुदळींनी, हातांनी झाले. नवी मुंबईच्या अग्निशामक दलाचा एक अधिकारी ती चढण चढतानाच हृदयक्रिया बंद पडून गेला. अंधारात, चिखलात सामान वर नेणाऱ्यांत खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या मंडळांतील पोरे होती. एरवी ज्यांना लोक उनाड म्हणत तीच ही पोरे.

त्यानंतर आम्हांला कोणी विचारले, आता तरी डोंगर सोडाल ना? आम्ही उलट म्हणतो की डोंगराचे डोळसपणे वाचन करणारी माणसे वाढली पाहिजेत. उताराला नवी भेग दिसणे, झाडे एका बाजूला कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, या खुणा वाडीतल्या वृद्धाला कळतात आणि वरचेवर जाणाऱ्या आरोहकालाही कळू शकतात. परतताना त्या तहसील कचेरीत लेखी कळविणे हे अवघड काम नाही. अर्ज कसा लिहावा हे आमच्याकडे कोणीही यावे, आम्ही शिकवू. अर्जाची पोच घ्यावयास विसरू नये एवढेच.

ज्यांना खरोखर जावयाचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे बोलू. पावसाळ्यात कातळाला हात लावू नये. शेवाळ असते आणि दगड सैल असतात. दसरा झाला, कातळ वाळला, की सुरुवात करावी आणि उन्हे तापू लागली की थांबावे. कर्नाळ्याला व इतरही सुळक्यांवर आग्या मोहोळे असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा यांनी ती उठतात, आणि दोराला लटकलेल्या माणसाला पळता येत नाही. तेव्हा मोहोळ दिसले की तो दिवस सोडून द्यावा. शिवाय कर्नाळा हे पक्षी अभयारण्य आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय तेथे दोर सोडू नये. एकट्याने जाऊ नये, दोघांनीही नको. चौघे बरे, म्हणजे एक जायबंदी झाला तर एक जवळ बसतो आणि दोघे मदत आणावयास जातात. वाडीतला वाटाड्या घेतला तर त्याची दिवसाची मजुरी निघण्यापूर्वी ठरवावी आणि ती नाक्यावरच्या बिगाऱ्यापेक्षा कमी नसावी. इर्शाळवाडीचे वाचलेले लोक पुढे चौकजवळ आधी कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत राहिले. त्यांच्या जुन्या वाटेने जाणाऱ्याने ढिगाऱ्यावर उभे राहून छायाचित्रे काढू नयेत. पहिले चार रविवार धोंड्यांवरच काढावेत, आणि त्यांतले पहिले दोन नुसते खाली उभे राहून.