मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर, वेळ आणि तिकिटावरील तारीख

साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव दाखल झाले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले. तो प्रवास आगबोटीचा, काही आठवड्यांचा होता. आज सातारा-सांगलीकडील मुलेमुली त्याच शहरी विमानाने एका दिवसात पोहोचतात. मात्र त्या एका दिवसाचा हिशेब अनेक पालकांना चकवतो, आणि तो चुकला तर कष्टाच्या पैशाचे तिकीट वाया जाते.

मुंबई व न्यूयॉर्क यांमधील किमान हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. भिंतीवरील नकाशा पाहिला तर वाट अरबस्तान, उत्तर आफ्रिका व अटलांटिक महासागर अशी असावी, असे वाटते. परंतु शाळेच्या कपाटावर धूळ खात पडलेला पृथ्वीगोल खाली काढावा आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. दोरा मध्य आशिया, रशिया, नॉर्वे ओलांडून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जातो. हीच सर्वांत जवळची वाट. प्रत्यक्षात विमानाला वारे आणि देशोदेशींचे बंद आकाश पाहून वळसे घ्यावे लागतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले, तेव्हा पश्चिमेकडील अनेक फेऱ्यांचा वेळ वाढला.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर चौदा तासांत संपावयास हवे. पण त्या उंचीवर वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून जाताना पंधरा-सोळा तास लागतात, येताना त्याहून कमी.

खरी गफलत तिकिटावर होते, कारण तेथील प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. समजा, ऑगस्टमध्ये विमान १५ तारखेस रात्री १.३० वाजता सुटते आणि त्याच दिवशी सकाळी ८ वाजता उतरते. वरवर पाहता प्रवास साडेसहा तासांचा. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास असते. ते मिळवले की सोळा तास होतात. हिवाळ्यात हा फरक साडेदहा तासांचा असतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तारखेची. रात्री १.३० म्हणजे १४ तारखेची मध्यरात्र उलटल्यानंतरची वेळ. सांगलीहून मुंबईस रस्त्याने आठ-नऊ तास लागतात आणि विमानतळावर किमान तीन तास आधी हजर राहावे लागते. म्हणून घर १४ तारखेस दुपारी बाराच्या आतच सोडले पाहिजे. साताऱ्याच्या मंडळींना तीनएक तास अधिक मिळतात. पावसाळ्यात खंबाटकी व खंडाळ्याचे घाट ध्यानात घेता, ते घरी घालवू नयेत हे बरे.