वेग कोणाच्या हाती? ‘मॉडर्न टाइम्स’चे मार्क्सवादी वाचन

चार्ली चॅप्लिन यांचा ‘मॉडर्न टाइम्स’ १९३६ साली प्रदर्शित झाला, तेव्हा १९२९ मध्ये सुरू झालेल्या महामंदीने अमेरिकेतील लाखो कामगारांना बेकार केले होते. विनोदी चित्रपट म्हणून तो आजही पाहिला जातो. तथापि कारखान्यात सत्ता नेमकी कोठे असते, या प्रश्नाचे त्यातील चित्रण कार्ल मार्क्स यांच्या विवेचनाशी इतके जुळते की, त्याच्या आधारे तो सिद्धांतही समजून घेता येतो.

मार्क्स यांच्या मते वर्ग ठरतो तो उत्पादनसाधनांशी असलेल्या नात्यावरून. यंत्रे आणि कच्चा माल ज्याच्या मालकीचा आहे तो भांडवलदार. आणि ज्याच्याकडे विकण्याजोगी केवळ श्रमशक्ती, म्हणजे काम करण्याची क्षमता आहे, तो कामगार. स्वतःच्या मजुरीइतके मूल्य कामगार दिवसाच्या काही तासांतच निर्माण करतो, उरलेल्या तासांत तो जे निर्माण करतो ते मालकाच्या पदरात पडते आणि यालाच ‘वरकड मूल्य’ म्हणतात. हे वरकड मूल्य वाढवायचे, तर कामाचे तास वाढवावे लागतात किंवा तेवढ्याच तासांत अधिक काम करून घ्यावे लागते. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भांडवल’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात कामाचा दिवस आणि यंत्रे या विषयांना जी प्रदीर्घ प्रकरणे दिली आहेत, त्यांमागील कारण हेच होय.

चित्रपटातील मालक कामगारांवर हात उगारत नाही. तो आपल्या दालनात चित्रांचे तुकडे जुळवत बसतो, वर्तमानपत्र चाळतो आणि अधूनमधून पडद्यावर प्रकट होऊन पाचव्या विभागाचा वेग वाढवण्याचा हुकूम सोडतो. पुढचे काम सरकता पट्टा करतो. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात १९१३ साली सरकत्या पट्ट्यावरची जुळणी सुरू झाल्यावर मोटारीचा सांगाडा जोडण्यास लागणारा वेळ सुमारे साडेबारा तासांवरून दीड तासावर आला, आणि कामाची गती ठरवण्याचा जो थोडाफार अधिकार कामगाराच्या हातात होता, तोही पट्ट्याकडे गेला. चॅप्लिनचा कामगार दोन्ही हातांत पाने घेऊन दिवसभर नट आवळत राहतो. ते नट कोणत्या वस्तूचे आहेत हे त्याला कळत नाही आणि प्रेक्षकालाही शेवटपर्यंत कळत नाही. आपल्याच श्रमाची निर्मिती आणि ते श्रम करण्याची रीत माणसाला परकी होणे, यास मार्क्स यांच्या विवेचनात ‘परात्मता’ अशी संज्ञा आहे. पट्टा थांबल्यावरही या कामगाराचे हात आवळण्याच्याच हालचालीत झटके घेत राहतात आणि शेजाऱ्याच्या वाडग्यातले सूप सांडते, तेव्हा ही परात्मता त्याच्या शरीरातच मुरल्याचे दिसते.

जेवण भरवणाऱ्या यंत्राच्या प्रसिद्ध प्रसंगाचा अर्थही वरकड मूल्याच्या याच हिशेबात दडलेला आहे. जेवणाच्या सुटीचा वेळ वाचवून प्रतिस्पर्ध्याच्या पुढे जाता येईल, असे विक्रेत्यांचे सांगणे असते. यंत्र बिघडते, कामगाराचे हाल होतात आणि मालक ते नाकारतो, पण ते क्रूर आहे म्हणून नव्हे, तर व्यवहार्य नाही म्हणून. पुढे नोकरी गेलेला हाच कामगार दुसऱ्या कारखान्यात लागतो. तेथे यंत्राच्या चाकांत वरिष्ठ मेकॅनिक अडकलेला असतानाच जेवणाचा भोंगा होतो, यंत्रे थांबतात आणि आता त्याला सोडवणे शक्य नाही म्हटल्यावर कामगार त्याला स्वतःच्या हाताने भरवू लागतो. ज्या वेळेवर मालकाचा डोळा होता, तीच वेळ येथे कामगाराच्या ताब्यात आहे आणि ती तो दुसऱ्या माणसासाठी खर्च करतो.

सत्तेचे सर्वांत नेमके दर्शन मात्र त्याआधी, पहिल्या कारखान्यात वेड लागलेल्या या कामगाराच्या पाठलागात घडते. सहकारी त्याला पकडायला धावतात, तो पट्ट्याची कळ दाबतो आणि सर्वांना पाठलाग सोडून नटांकडे परतावे लागते. ज्याच्या हाती कळ, त्याच्या हाती माणसे, हे मालकाचे गुपित त्याला उमगलेले असते. तरीही धावपळीत हजेरीच्या घड्याळात कार्ड घालायला तो विसरत नाही, इतकी शिस्त अंगवळणी पडलेली असते.

अर्थात चॅप्लिनचा नायक वर्गजागृत कामगार नव्हे. मोर्चाच्या अग्रभागी लाल बावटा घेऊन तो दिसतो, पण तो बावटा एका ट्रकवरून पडलेला असतो आणि परत करण्यासाठी उचललेला असतो. संपामुळे तर त्याची मिळालेली नोकरीच जाते. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकातील निबंधात याच उणिवेला चित्रपटाचे बळ मानले: नायक भुकेपलीकडे पाहू शकत नाही आणि त्याचे हे न पाहणे समोर दिसत असल्यामुळे, त्याला न दिसणारी व्यवस्था प्रेक्षकाला दिसते. चित्रपटात क्रांतीचा कार्यक्रम नाही, हे खरे. पण कामाचा वेग ही केवळ तंत्राची बाब नसून तो कोणी ठरवायचा हा वर्गसंबंधांचा प्रश्न आहे, ही मार्क्स यांच्या विवेचनातील गाभ्याची गोष्ट त्याने सर्वसामान्य प्रेक्षकाच्या आवाक्यात आणली.