नितळ लाकूड, जागरूक जयणा

पालघर तालुक्यातील माकुणसार, केळवे यांसारख्या किनारपट्टीच्या गावांत दमट, खारी हवा लाकडाची परीक्षा घेते. आषाढात फुगलेला दरवाजा कार्तिकानंतर आकसतो आणि ओल्या लाकडावर घाईने दिलेला रंग तडकतो. श्रावक चातुर्मासात आरंभ-समारंभ टाळतात. रंगकामासाठीही त्यानंतरचे कोरडे दिवसच उत्तम.

गुळगुळीतपणा रंगाच्या डब्यात नसतो, तो रंगाखालच्या मेहनतीत असतो. सुके लाकूड आधी १२०, मग १८० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेनेच घासावे. आडव्या घासण्याचे ओरखडे रंगानंतर अधिकच उठून दिसतात. धूळ पुसून प्राइमर द्यावा. पाण्यात मिसळणाऱ्या प्राइमरने लाकडाचे तंतू उभे राहतात. तो वाळल्यावर २२० क्रमांकाचा पेपर हलकेच फिरवला की ते बसतात. खिळ्यांची भोके व सांधे पुट्टीने भरून पुन्हा घासावेत. मग रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात वाळल्यावर, पुढचा देण्यापूर्वी, ३२० क्रमांकाचा पेपर फिरवावा. एकच जाड हात ओघळतो आणि वरून वाळला तरी आतून मऊ राहतो.

जुना रंग मात्र कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. म्हणून पाण्याचा पेपर ओला करून वापरावा, नाकातोंडावर मास्क बांधावा व मुलांना दूर ठेवावे.

जैन कुटुंबाने साहित्यही पारखून घ्यावे. पारंपरिक फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. कुसुम, पळस, बोर या झाडांवरील सूक्ष्म कीटकांचा हा स्राव असून तो खरवडून काढताना असंख्य जीव नष्ट होतात. म्हणूनच श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याची गणना आहे. शिवाय पाणी लागले, दमटपणा वाढला की लाखेचे पॉलिश पांढुरके पडते. देवघराच्या चौकटीला वा झोपाळ्याला पॉलियुरेथेनचा थर अधिक टिकाऊ ठरतो. हाडे-कातड्यांपासून केलेल्या सरसाऐवजी कृत्रिम गोंद आणि डुकराच्या केसांच्या ब्रशऐवजी नायलॉनचा ब्रश सहज मिळतो. हार्डवेअरचा व्यवसाय करणाऱ्या बंधूंनी ग्राहकाला हा फरक समजावून सांगितला, तर व्यापारातही विवेक जपला जाईल.

शेवटची दक्षता दिव्याची. संध्याकाळी उजेडाकडे झेपावणारे चिलटे-पतंग ओल्या रंगाला चिकटून मरतात, पृष्ठभागही खडबडीत होतो. म्हणून शेवटचा हात सकाळीच द्यावा. सूर्यास्तापूर्वी बोटाला न चिकटण्याइतका रंग सुकलेला असावा, आणि तो सुकला नसेल तर त्या खोलीत रात्री दिवा लावू नये.