अक्षर लहान की मोठे?



आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. त्यामुळे मराठी लिहिताना 'कवी'च्या जागी आमच्या हातून 'कवि' लिहिले जाते आणि मराठीच्या बाई त्याखाली रेघ ओढतात. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, म्हणून आमचे निभावते. संगणक मात्र असे निभावून घेत नाही, हे आम्हाला यंदा कळले.

नववीच्या दोन विद्यार्थ्यांनी शाळेच्या सूचनांचे वेब पान तयार केले. एकाने एचटीएमएलमध्ये मजकूर बसवला, दुसऱ्याने रंगरूप ठरवणारी सीएसएस फाइल लिहिली. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख लाल चौकटीत दिसायला हवी होती. प्रत्यक्षात ती इतर मजकुरात मिसळून गेली. आम्ही सीएसएस लिहिणाऱ्या मुलाला सर्वांसमोर रागावलो. "सर, घरी तर बरोबर दिसत होतं," असे तो म्हणाला. आम्हाला ती सबब वाटली.

संगणकाच्या सरांनी दोन्ही फाइली शेजारी उघडल्या तेव्हा उलगडा झाला. चौकटीचे नाव 'नोटिस' असे ठेवले होते. रोमन लिपीत ते एकाने मोठ्या 'एन'ने लिहिले, तर दुसऱ्याने लहान 'एन'ने. दोन्ही नावे जुळली नाहीत, म्हणून नियम कोणालाच लागू झाला नाही. अशा वेळी ब्राउझर चूक झाल्याचे सांगतही नाही. तो मुकाट्याने पुढे जातो.

मग घरी चौकट कशी दिसली? घरच्या पानावर सुरुवातीची डॉकटाइप ही ओळ नव्हती. ती नसेल तर ब्राउझर पान जुन्या पद्धतीने दाखवतो आणि क्लास व आयडी यांच्या नावांतील लहान-मोठा भेद मानत नाही. शाळेत ती ओळ घातली गेली आणि भेद लागू झाला. म्हणजे मुलगा खरेच बोलत होता.

आता नियम समजून घेऊ. सीएसएसची पहिली शिफारस डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे स्वतःचे ठरलेले शब्द, म्हणजे कलर, मार्जिन, रेड वगैरे, मोठ्या अक्षरांत लिहा की लहान, चालतात. रंगांच्या सांकेतिक आकड्यांतील अक्षरांचेही तसेच. पण जी नावे आपण ठेवतो, म्हणजे क्लास, आयडी आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी व्हेरिएबल्स, ती अक्षरशः जुळावी लागतात.

असे का? ठरलेले शब्द इंग्रजी असतात. त्यांच्या २६ अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या आहेत. आपण ठेवलेले नाव मात्र कोणत्याही लिपीत असू शकते आणि लहान-मोठ्याचे नियम सगळीकडे सारखे नाहीत. तुर्की भाषेत टिंबाचा 'आय' आणि बिनटिंबाचा 'आय' ही दोन वेगळी अक्षरे आहेत व दोघांची मोठी रूपेही वेगळी. आपल्या देवनागरीत तर लहान-मोठा भेदच नाही. क्लासचे नाव देवनागरीतही ठेवता येते. पण तेथे 'कवि' आणि 'कवी' ही दोन वेगळी नावे ठरतील!

फाइलींच्या नावांतही हीच गंमत आहे. विंडोजवर सहसा हा भेद मानला जात नाही, लिनक्सवर मानला जातो. अनेक सर्व्हर लिनक्सवर चालतात. म्हणून घरच्या संगणकावर सापडणारी फाइल पान सर्व्हरवर चढवल्यावर सापडेनाशी होते.

आता संगणक कक्षात आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आहेत. सर्व नावे लहान अक्षरांतच लिहायची, दोन शब्दांमध्ये छोटी रेघ द्यायची. आणि काम वाटून घेण्यापूर्वी नावांची यादी फळ्यावर लिहायची, म्हणजे दोघांच्या वहीत एकच नाव जाईल.

तिसरी गोष्ट आमच्यासाठी. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर आम्ही त्या मुलाची सर्वांसमोर क्षमा मागितली. रागावलो होतो सर्वांसमोर, तेव्हा क्षमाही सर्वांसमोरच मागायला हवी होती. शिष्यवृत्तीची तारीख जाण्यापूर्वी चूक सापडली आणि सूचना लाल चौकटीत आली, हे आमचे भाग्य. मुलगा "घरी बरोबर होतं" म्हणाला, तर यापुढे आम्ही आधी फाइल उघडून पाहू.