श्रवणयंत्राचा स्वीकार आणि प्रबोधनाचे कार्य

दृष्टी अधू झाली म्हणजे ती गोष्ट लपून राहत नाही. श्रवणशक्तीचे तसे नाही. ती इतक्या संथपणे क्षीण होते की, घरच्या माणसांनाही पुष्कळदा तिचा सुगावा लागत नाही. दूरदर्शन संचाचा आवाज दिवसेंदिवस वाढत जातो, प्रश्न एक तर उत्तर भलतेच अशी स्थिती होते आणि पुढे ती व्यक्ती देवळातील कीर्तन, लग्नसमारंभ, पंचायतीची सभा हळूहळू टाळू लागते. घरातील मंडळी यास वयपरत्वे आलेला विक्षिप्तपणा समजतात. वास्तविक तो श्रवणदोष असतो आणि बहुधा त्यावर उपायही असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अहवालानुसार जगातील १५० कोटींहून अधिक लोकांना कमीअधिक प्रमाणात श्रवणदोष असून त्यांपैकी सुमारे ४३ कोटी लोकांना पुनर्वसन सेवेची आवश्यकता आहे. बालकांमधील सुमारे ६० टक्के श्रवणदोष वेळीच उपाय केल्यास टाळता येण्याजोगे आहेत, असेही हा अहवाल सांगतो.

दोषाचे स्वरूप

श्रवणदोषाचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. कानात मळ साचणे, कान फुटणे, पडद्याला छिद्र पडणे यांमुळे ध्वनी आतपर्यंत पोहोचत नाही. हा पहिला प्रकार असून औषधोपचाराने किंवा शस्त्रक्रियेने तो पुष्कळदा बरा होतो. दुसरा प्रकार आंतरकर्णाचा होय. तेथील शंखाकृती भागात सुमारे १५ हजार सूक्ष्म रोमपेशी असतात. वार्धक्य, काही औषधे आणि सततचा गोंगाट यांमुळे त्या नष्ट होतात व पुन्हा निर्माण होत नाहीत. कारखान्यात ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास काम करणाऱ्याने कानांना संरक्षण द्यावयास हवे, ते याच कारणास्तव. फटाके, ध्वनिक्षेपक आणि कानाला लावलेली भ्रमणध्वनीची श्रवणिका यांपासूनही तोच धोका संभवतो.

या दुसऱ्या प्रकारात बहुधा प्रथम उच्च स्वराचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. माणूस बोलतो आहे हे कळते, परंतु ‘साठ’ म्हटले की ‘आठ’ हे उमगत नाही. “मला ऐकू येते, लोकच स्पष्ट बोलत नाहीत,” ही अशा व्यक्तीची तक्रार म्हणूनच प्रामाणिक असते.

यंत्र पेटीत का राहते?

श्रवणयंत्र मिळाले म्हणजे प्रश्न सुटला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अनेक यंत्रे काही दिवसांतच पेटीत जाऊन पडतात. याचे पहिले कारण लज्जा. चष्मा लावणाऱ्यास कोणी हसत नाही. कानात यंत्र दिसले की मात्र ‘बहिरा’ हा शब्द कानी येईल, ही भीती असते. दुसरे कारण अवास्तव अपेक्षा. चष्मा लावताच स्पष्ट दिसते. श्रवणयंत्राचे तसे नसते. अनेक वर्षे न ऐकलेले पंख्याचे, भांड्यांचे, पावसाचे आवाज एकदम कानी पडू लागतात आणि मेंदूला त्यांची पुन्हा सवय व्हावी लागते. यास्तव प्रारंभी शांत खोलीत एक-दोन तास, एका व्यक्तीशी बोलताना यंत्र वापरावे व हळूहळू काळ वाढवावा. त्रास झाल्यास यंत्र काढून न ठेवता श्रवणतज्ज्ञाकडून त्याची जुळणी करून घ्यावी.

कोकण-गोव्याच्या दमट हवेत यंत्राची निगाही महत्त्वाची ठरते. स्नानापूर्वी ते काढावे, रात्री बॅटरीचे झाकण उघडे ठेवून आर्द्रता शोषणाऱ्या पुडीसह बंद डबीत ठेवावे आणि नळीत मळ साचू देऊ नये.

स्वानुभवी प्रचारक

ही माहिती वैद्य देऊ शकतात. परंतु तिच्यावर विश्वास बसतो तो यंत्र वापरणाऱ्याच्या शब्दावरून. अमेरिकेतील हॉवर्ड स्टोन यांची श्रवणशक्ती तरुणपणी सैन्यात असताना क्षीण झाली होती. शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७९ साली त्यांनी कमी ऐकू येणाऱ्यांची स्वावलंबी संघटना स्थापन केली. गावोगावच्या शाखांत लोक एकत्र जमत आणि आपल्या अडचणी व त्यांवरील तोडगे एकमेकांना सांगत. दोष लपविणारा माणूस एकाकी होतो. तो उघडपणे सांगणारा इतरांना वाट दाखवितो, हेच या कार्याचे मर्म होय.

असे कार्य आपल्याकडेही कोणत्याही गावात करता येईल. यंत्र वापरणाऱ्याने ते न लपविता वापरावे. “माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोला, ओरडू नका,” असे समोरच्यास निःसंकोच सांगावे, कारण ओरडण्याने शब्द विकृत होतात. शेजारच्या वृद्धास तपासणीसाठी सोबत न्यावे. महिला मंडळात, शाळेच्या पालकसभेत कानात काडी वा तेल न घालण्याविषयी सांगावे. आवाजाने न दचकणाऱ्या, वर्षाचे होऊनही हाकेला प्रतिसाद न देणाऱ्या बालकाकडे अंगणवाडी सेविकेचे लक्ष वेधावे. भाषा शिकण्याचे वय निघून गेल्यास त्याची पुरती भरपाई होत नाही. येथे झालेला विलंब सर्वांत महाग पडतो.

शासकीय तरतुदी

केंद्र शासनाने २००७ साली बधिरता प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम प्रारंभी २५ जिल्ह्यांत सुरू केला. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बालकांच्या श्रवणदोषाचाही समावेश आहे. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणारी योजना १९८१ पासून, तर दुर्बल आर्थिक स्थितीतील ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून अमलात आली. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणी व प्रशिक्षणाची सोय आहे. नजीकच्या शासकीय रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात प्रथम चौकशी करावी.

दरवर्षी ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शिबिरे होतील, यंत्रेही वाटली जातील. ती यंत्रे पेटीत न राहता कानात राहावीत, यासाठी मात्र वर्षभर कोणीतरी शेजारी बसून धीर द्यावा लागेल. ज्याने तो मार्ग स्वतः आक्रमिला आहे, त्याच्याइतका योग्य सोबती दुसरा नाही.