हात सुटला की ग्राइंडर थांबलाच पाहिजे

बांधकामाच्या साइटवर आता बॅटरीची हत्यारे सर्रास दिसतात. त्यातल्या ड्रिलच्या ट्रिगरवरचे बोट उचलले की ते थांबते. गोल करवतीचा ट्रिगर तर आधी वेगळे बटण दाबल्याशिवाय हलतही नाही. अँगल ग्राइंडर या दोघांपेक्षा कितीतरी वेगाने फिरतो, पण आपल्याकडच्या चार इंची ग्राइंडरपैकी पुष्कळांना अजून स्लाइड स्विच असतो. अंगठ्याने तो पुढे सरकवायचा, पुढचे टोक दाबायचे, की तो खाचेत अडकतो. त्यानंतर मशीन हातात असो वा हातातून सुटलेले, चालूच राहते. निदान बॅटरीच्या ग्राइंडरला तरी हा स्विच असू नये. त्याऐवजी मुठीखाली दाबून धरावा लागणारा पॅडल स्विच हवा.

मिनिटाला 8,500 फेरे घेणाऱ्या 100 मिलिमीटरच्या डिस्कची कड ताशी सुमारे 160 किलोमीटर वेगाने धावते. सळई कापताना कापाची फट मिटली की डिस्क आवळली जाते आणि ग्राइंडर झटक्यासरशी उसळतो. नेमक्या त्याच क्षणी पकड सुटते. पॅडल असेल तर पकड सुटणे म्हणजेच स्विच बंद होणे. स्लाइड असेल तर उसळणाऱ्या मशीनवर अंगठ्याने त्याचे मागचे टोक शोधून दाबावे लागते, आणि ते कुणालाही साधत नाही. वायरच्या ग्राइंडरला अशा वेळी शेवटचा एक उपाय तरी असतो: शेजारचा माणूस बोर्डवरचे बटण बंद करतो. बॅटरीच्या ग्राइंडरची वीज मात्र त्या फिरत्या मशीनलाच चिकटलेली असते. शिवाय वायर नाही म्हणूनच तो परांचीवर, शिडीवर, खिडकीच्या चौकटीत अडकून काम करणाऱ्याच्या हाती दिला जातो.

यावर कारागिरांचा आक्षेप असतो की पॅडल दाबून दाबून हात भरून येतो. दिवसभर वेल्डिंगचे सांधे घासणाऱ्याच्या बाबतीत तो खरा आहे. पण 18 व्होल्ट, 4 अँपिअर-तासाच्या बॅटरीत 72 वॅट-तास ऊर्जा मावते. मशीन 700 वॅट ओढू लागले तर ती सहा मिनिटांत संपते. एवढ्या वेळासाठी स्विच अडकवून ठेवायची गरज नाही. अमेरिकेतले बांधकाम-सुरक्षेचे नियमही गोल करवतीचा स्विच अडकवू देत नाहीत. ग्राइंडरला ते सूट देतात, पण ज्या बोटाने तो चालू केला त्याच बोटाच्या एका हालचालीत बंद झाला पाहिजे या अटीवर. ही अट बोट स्विचजवळ असेपर्यंतच कामाची आहे, आणि झटका बसल्यावर ते तिथे नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: माणसे पॅडलला चिकटपट्टी गुंडाळतील. गुंडाळतातही. म्हणून पॅडलच्या जोडीला पुन्हा-चालू-होण्यापासूनचे संरक्षण हवे. ते असलेल्या मशीनमध्ये स्विच दाबलेला असताना बॅटरी घातली तर मोटर फिरत नाही. आधी स्विच सोडावाच लागतो. त्यामुळे चिकटपट्टीची सोय राहत नाही, बॅटरी बदलताना डिस्क अचानक सुरू होण्याचा धोकाही जातो. झटका ओळखून मोटर तोडणारे सेन्सर आणि डिस्कला झटपट थांबवणारा ब्रेकही चांगलेच. पण सेन्सरला झटका कळावा लागतो, आणि ब्रेक लागतो तो स्विच बंद झाल्यावर. हातातून निसटून मोकळी फिरणारी डिस्क अनेक सेन्सरना कळतच नाही. पॅडल मात्र तेव्हाही सुटतेच.

ग्राइंडर विकत घेणाऱ्या कंत्राटदारांना विनंती आहे. दुकानात डिस्क न लावता मशीन चालू करून पाहा आणि पंजा उघडा. मोटर बंद झाली नाही, तर ते मशीन साइटवर नेऊ नका. काही पॅडललाही अडकवायची खीळ असते, तीही तपासा.