खांब दारात, वीज घरात?

धूर न करणाऱ्या विजेचा विषय काढला, की गटाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "वीज पाण्यावर करा नाहीतर उन्हावर, आमच्या घरात कधी येणार ते सांगा." प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आम्ही तुम्हाला पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशाची गोष्ट सांगणार आहोत.

घानात व्होल्टा नावाची नदी आहे. तिच्यावर अकोसोंबो इथं बांधलेलं धरण १९६५ मध्ये पुरं झालं. त्याच्या मागं साधारण साडेआठ हजार चौरस किलोमीटर पाणी पसरलं. आपला अख्खा कोल्हापूर जिल्हा त्यात मावेल! सातशेच्या वर गावं बुडाली, जवळपास ऐंशी हजार माणसं उठली. वीज मात्र स्वच्छ, कोळसा नाही की धूर नाही. ती गेली कुठं? बराच मोठा वाटा टेमा शहरातल्या अॅल्युमिनियमच्या कारखान्याला, तोही स्वस्तात. जलाशयाच्या काठावरची कितीतरी गावं वर्षानुवर्षं अंधारातच राहिली. कोयनेच्या धरणग्रस्त बायकांना ही कथा नवी नाही.

१९८९ मध्ये घाना सरकारनं देशभर वीज नेण्याची योजना आखली. तिच्यातला एक भाग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. मुख्य वाहिनीपासून वीस किलोमीटरच्या आत असलेल्या गावानं वर्गणी काढून लाकडी खांब आणायचे आणि निदान एक तृतीयांश घरांचं वायरिंग करून ठेवायचं. एवढी तयारी असली, की वाहिनी ओढायचा खर्च सरकारचा. त्या वेळी देशात पाचातल्या एका घरातही वीज धड नव्हती. आज बहुतेक घरांत आहे. शेजारच्या कितीतरी देशांना हे अजून जमलेलं नाही.

पण यात एक मेख आहे. खांब सगळ्यांचे, वायरिंग मात्र ज्याचं त्यानं करायचं. जिच्या हातात रोख पैसा नाही, तिच्या दारात खांब उभा आणि घरात अंधार.

दुसरी अडचण मीटरची. घानात कमी वीज वापरणाऱ्याला स्वस्त दर आहे. गरिबासाठीच तो ठेवलाय. पण तिथं एका मोठ्या अंगणाभोवती खोल्या, एकेका खोलीत एकेक कुटुंब आणि सगळ्यांना मिळून एकच मीटर, अशी घरं खूप. समजा, पाच कुटुंबं महिन्याला प्रत्येकी पंचवीस युनिट वापरतात. वेगळे मीटर असते, तर पाचही जणी स्वस्त दरात बसल्या असत्या. एका मीटरवर मात्र सव्वाशे युनिट दिसतात आणि दर वरच्या टप्प्याचा लागतो. म्हणजे थोडीच वीज वापरणारी बाई महागाची वीज घेते. शिवाय कुणाचा पंखा किती वेळ चालला, यावरून भांडणं होतात ती वेगळीच.

आता पाण्याचं बघू. १९८३ च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला, जलाशय खाली गेला आणि वीजही गेली. मग देशानं तेल आणि गॅसवरची केंद्रं उभारली. आज निम्म्याहून जास्त वीज त्यांचीच आहे, म्हणजे धूर आलाच. तरी भारनियमन सुटलं नाही. २०१२ नंतरची काही वर्षं वीज इतकी ये-जा करायची, की लोकांनी तिला 'दुमसोर' म्हणायला सुरुवात केली. तिकडच्या त्वी भाषेत त्याचा अर्थ बंद-चालू. मासळी बर्फात ठेवून विकणाऱ्या बाईला दुमसोर म्हणजे माल फेकून देणं.

त्याच जलाशयात बेटं आहेत. तिथं तारा ओढणं परवडत नाही, म्हणून काही बेटांवर सरकारनं सौर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवून गावापुरती वीज सुरू केली. घानाचं धोरण असं, की बेटावरच्या घरालाही शहराइतकाच दर लावायचा, वरचा खर्च सगळ्या देशानं सोसायचा. हे आम्हाला पटतं. बेटावरच्या बाईनं अंतराचा दंड का भरावा?

आपल्या वीजबिलातही युनिटचे टप्पे असतात. पुढच्या भागात तेच वाचायला शिकू. गटातल्या प्रत्येकीनं आपलं शेवटचं बिल जवळ घेऊन बसावं, आणि एका मीटरवर दोन चुली असतील तर दोघींनी मिळून यावं.